धंतोलीतली रस्त्याकडेची जागा फुकट असू नये

धंतोलीच्या पार्किंगवर नागपुरात इतकी वर्षं बोललं जातंय की आता नवीन माणूसही दोन वाक्यांत सगळा वाद सांगू शकतो. नागरिक मंडळाची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेली, मनपाच्या नोटिसा निघाल्या, वाहतूक पोलिसांची क्रेन आली आणि गेली. या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट प्रत्येकाने गृहीत धरलेली असते. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायला पैसे पडू नयेत. रहिवाशाला वाटतं, माझ्या फाटकासमोरची जागा माझी. हॉस्पिटलला वाटतं, आमच्या दारासमोरची आमच्या पेशंटची. पेशंटच्या नातेवाइकाला वाटतं, सरकारी रस्ता आहे, कोणीही लावावी. भांडण चालतं ते ही फुकटची जागा कोणाच्या वाट्याला यावी याचं. मी धंतोलीत राहतो आणि माझं म्हणणं असं, की तिचं फुकट असणं हेच मूळ दुखणं आहे. त्या जागेला दर लागला पाहिजे, तो आम्ही रहिवाशांनीही भरला पाहिजे, आणि जमा झालेला पैसा धंतोलीच्याच रस्त्यांवर खर्च झाला पाहिजे. मात्र त्याआधी हॉस्पिटलांनी आपापले तळमजले मोकळे करायला हवेत. ते झाल्याशिवाय दराची भाषा कोणी ऐकून घेणार नाही आणि घेऊही नये.

उत्तरेला सीताबर्डी, पश्चिमेला वर्धा रोड, पूर्वेला रेल्वेचे रूळ, अशी ही मधली वस्ती. टांगे आणि सायकलींच्या काळात आखलेले रस्ते, दोन्हीकडे बंगले, बंगल्यांत वकील, प्राध्यापक, डॉक्टर. रामकृष्ण मठ 1928 पासून इथेच आहे, त्याचं ग्रंथालय आणि दवाखानाही. डॉक्टर आधी वर राहायचे आणि खाली पेशंट तपासायचे. मग खालच्या दवाखान्याचं नर्सिंग होम झालं, शेजारचा बंगला विकला गेला, दोन प्लॉट मिळून चार-पाच मजली हॉस्पिटल उभं राहिलं. रेल्वे स्टेशन आणि गणेशपेठचं एसटी स्टँड जवळ, त्यामुळे बाहेरगावच्या पेशंटला धंतोली सोयीची पडली. एका हॉस्पिटलच्या ओढीने दुसरं आलं, मग पॅथॉलॉजी लॅब, सोनोग्राफी सेंटर, औषधांची दुकानं. यात कोणाचा कट नव्हता. बंगले विकणारेही धंतोलीकरच होते आणि त्यांना चांगला भाव मिळाला.

सकाळी अकराच्या सुमारास इथल्या कुठल्याही आडव्या रस्त्यावरून चालत जावं आणि उभ्या गाड्यांच्या नंबर प्लेट वाचाव्यात. एमएच 31 आणि 49 आपल्या शहरातल्या. त्यांच्यामध्ये 29 यवतमाळची, 32 वर्ध्याची, 33 गडचिरोलीची, 34 चंद्रपूरची, 35 गोंदियाची, 36 भंडाऱ्याची. मग एमपी 28 छिंदवाड्याची, एमपी 22 शिवनीची, एमपी 50 बालाघाटची. अर्ध्या मध्य भारताचं आजारपण या चार-सहा गल्ल्यांत येऊन उभं असतं. गडचिरोली इथून सुमारे 170 किलोमीटर. डोक्याला मार लागलेल्या पोराला घेऊन तिथून भाड्याच्या बोलेरोतून निघालेला बाप रस्त्यावर गाडी लावतो तेव्हा त्याला पार्किंगची शिस्त शिकवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. त्याच्या जिल्ह्यात न्यूरोसर्जन असता तर तो इथे आलाच नसता. ही गोष्ट पार्किंगच्या बैठकांत कोणी काढत नाही, पण धंतोलीतल्या गर्दीचा एक मोठा भाग जिल्हा रुग्णालयांच्या रिकाम्या पदांतून येतो. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांवर आधीच इतका ताण आहे की ज्याला दागिना मोडून का होईना खाजगीत जाणं शक्य आहे तो खाजगीत जातो. मिहानमधल्या एम्समुळे थोडा भार हलका झाला असेल, पण धंतोलीच्या रस्त्यावर उभं राहून तो जाणवत नाही.

म्हणून "बाहेरच्यांनी आमची वस्ती खराब केली" हा सूर मला पटत नाही. गेटसमोर आडवी लावलेली गाडी काढायला सांगितली की "काकाजी, पेशंट आत आहे जी, डॉक्टर पाहून राहिले, दोन मिंटात काढतो" असं उत्तर येतं. ती दोन मिनिटं तासाभराची होतात हे खरं. पण तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याला आत खरंच कोणी काही सांगितलेलं नसतं.

राग यायला हवा तो तळमजल्यांचा. आपल्या बांधकाम नियमांत पार्किंगसाठी मोकळा सोडलेला स्टिल्टचा मजला चटईक्षेत्रात मोजला जात नाही. म्हणजे इमारतीच्या मालकाला शहराने सवलत दिली: खाली गाड्या उभ्या राहतील, म्हणून तेवढं बांधकाम तुमच्या हिशेबात धरत नाही. सवलत घेऊन झाली, नकाशा मंजूर झाला, भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, आणि मग हळूहळू त्या खांबांमध्ये भिंती उभ्या राहिल्या. कुठे औषधाचं दुकान, कुठे रिसेप्शन, कुठे जनरेटर आणि ऑक्सिजनची सिलिंडरं, कुठे कॅन्टीन. तळघराची तीच गत. जी जागा गाड्यांच्या नावावर मिळाली तिथून महिन्याचं भाडं येतं आणि गाड्या रस्त्यावर येतात. म्हणजे एकाच जागेची किंमत शहर दोनदा मोजतं, आधी सवलत देऊन आणि मग रस्ता गमावून. सगळ्याच हॉस्पिटलांनी हे केलं असं मी म्हणत नाही. काहींनी पार्किंग नीट ठेवलंय, गेटवर माणूस नेमलाय, आणि अशांच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स अडत नाही. ज्यांनी नियम पाळला त्यांच्यावर तर हा आणखी अन्याय, कारण शेजारच्या हॉस्पिटलचा भार त्यांच्या दारात येतो.

यावर उपाय अवघड नाही, फक्त त्याला योग्य ठिकाणी बांधायला हवं. आजवरची रीत अशी की तक्रार झाली, कोर्टाने विचारलं, की नगररचना विभागाची मोहीम निघते, दोन-चार भिंती पडतात आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा उभ्या राहतात. खाजगी हॉस्पिटलला 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली मनपाच्या आरोग्य विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि दर तीन वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. त्या नूतनीकरणाच्या अर्जासोबत मंजूर नकाशातल्या पार्किंगची प्रत्यक्ष पाहणी सक्तीची करावी. नकाशात बारा गाड्यांची जागा असेल आणि खाली मेडिकल स्टोअर दिसलं तर नूतनीकरण थांबावं. शिवाय प्रत्येक हॉस्पिटलच्या दर्शनी भागावर एक फलक असावा: मंजूर पार्किंग इतक्या चारचाकी, इतक्या दुचाकी, प्रवेश या बाजूने. डॉक्टरांची फी आणि व्हिजिटिंग अवर्स लिहिता येतात तर हेही लिहिता येईल. बाहेरगावच्या माणसाला तो फलक वाचून आत गाडी लावायचा हक्क आहे हे कळेल आणि गेटवरचा चौकीदार त्याला "बाहेर लावा" म्हणू शकणार नाही.

दुसरी गोष्ट कर्मचाऱ्यांची. दिवसभर रस्त्यावर कोणाची गाडी हलत नाही हे पाहिलं तर लक्षात येतं की पेशंटच्या गाड्या येतात-जातात. सकाळच्या शिफ्टला आलेल्या नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय, मेडिकल स्टोअरची पोरं यांच्या दुचाकी संध्याकाळपर्यंत तिथेच. त्यांचा दोष नाही, आत त्यांना जागा देत नाहीत. नियमांच्या मापाने एका दुचाकीला 1 बाय 2 मीटर लागतात आणि एका कारला 2.5 बाय 5, म्हणजे कारच्या एका जागेत पाच दुचाकी मावतात. हॉस्पिटलच्या स्टिल्टमधल्या थोड्या जागेत सगळी शिफ्ट सामावते.

आता आमच्याकडे वळतो, कारण रहिवाशांच्या बाजूने लिहिताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. धंतोलीत हॉस्पिटलं जशी वाढली तशा फ्लॅट स्कीमही वाढल्या. एका कुटुंबाच्या बंगल्याच्या जागी दहा-बारा फ्लॅट आले आणि प्रत्येक फ्लॅटला एक कार, दोन दुचाकी, कुठे दोन कार. बिल्डरने खालची पार्किंग ज्याला जास्त पैसे मिळतील त्याला दिली, बाकीचे रस्त्यावर. खरं तर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की स्टिल्टमधली पार्किंगची जागा ही सगळ्या फ्लॅटधारकांची सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. तो निकाल किती सोसायट्यांनी वाचला हा प्रश्नच आहे. मग ज्याला आत जागा नाही तो रस्त्यावर आपली जागा आखून घेतो. पत्र्याच्या डब्यात सिमेंट भरून त्यात लोखंडी दांडा, दांड्यावर "नो पार्किंग, फक्त रहिवाशांसाठी". कुठे कुंड्या, कुठे साखळी, कुठे फाटकापासून गटारापर्यंत गट्टू लावून घेतलेला उतार. फुटपाथ असा तुकड्यातुकड्यांनी आमच्याच अंगणात आला.

एका कारची 2.5 बाय 5 ची जागा 12.5 चौरस मीटर होते, म्हणजे सुमारे 135 चौरस फूट. धंतोलीतल्या बऱ्याच फ्लॅटमधलं स्वयंपाकघर याहून लहान आहे. तेवढी जागा या भागात कोणी भाड्याने मागितली तर महिन्याला काय पडेल याचा अंदाज इथल्या कुठल्याही माणसाला आहे. तीच जागा रस्त्यावर कारच्या मालकाला वर्षभर, रात्रंदिवस, एकही पैसा न देता मिळते. आणि त्याच रस्त्यावर तर्री-पोह्याचा ठेला लावणारा, पेशंटच्या नातेवाइकांना पंधरा-वीस रुपयांत पोट भरून देणारा माणूस अतिक्रमण पथकाची गाडी दिसली की पातेली उचलून पळतो. त्याच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, तरी तो पळतो. त्याचा ठेला कारच्या निम्म्या जागेत मावतो आणि दिवसभरात शेकडो लोकांच्या उपयोगी पडतो. कारला पळावं लागत नाही. रस्त्याची जागा कोणाच्या कामाला किती येते असा हिशेब केला तर ही व्यवस्था मला सरळसरळ अन्यायाची वाटते.

म्हणून दर. केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातच म्हटलंय की पार्किंगचं शुल्क त्या जमिनीच्या खऱ्या किमतीशी जुळणारं असावं. धंतोलीपुरतं मी असं सुचवीन: प्रत्येक हॉस्पिटलसमोर एक पट्टा फक्त अ‍ॅम्ब्युलन्ससाठी आणि पेशंट उतरवणाऱ्या ऑटो-कारसाठी, तिथे कोणीच गाडी लावायची नाही. बाकी आखलेल्या जागेत पहिला अर्धा तास फुकट, पुढे कारला तासाला 20 रुपये आणि तीन तासांनंतर दुप्पट, दुचाकीला 5. रहिवाशाला, ज्याच्या इमारतीत खरोखर जागा नाही त्याला, रात्रीचा परवाना, एका फ्लॅटला एकच, वर्षाला 6,000 रुपये. दिवसाला साडेसोळा रुपयेही होत नाहीत. दुसरी कार असेल तर तिची सोय त्याने स्वतः करावी. आकडे कमी-जास्त होतील, त्यावर मी अडून बसणार नाही. रहिवासी वगळून फक्त बाहेरच्यांकडून घ्या, या मागणीला मात्र माझा विरोध आहे.

"आम्ही मालमत्ता कर भरतो" हे उत्तर मला माहीत आहे. कर तर वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजीही भरतात. त्यांच्याकडे कार नाही. त्यांना रोज बगीच्यापर्यंत चालायचं असतं, आणि त्या उभ्या गाड्यांच्या बाहेरून, धावत्या रहदारीच्या अंगाला लागून चालतात. ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्या करातून गाडीवाल्याला जागा मिळते, असाच याचा अर्थ होतो. गरीब पेशंटवर भार पडेल असंही म्हटलं जातं. पण गरीब पेशंट कारने येत नाही. तो गणेशपेठला एसटीतून उतरतो, शेअर ऑटोने किंवा पायी येतो, हातात सलाइनची पिशवी आणि एक्स-रेचं पाकीट घेऊन रस्त्याच्या मधून चालतो, कारण कडेला गाड्या आहेत. त्याच्यासाठी फुटपाथ मोकळा होणं हीच सगळ्यात मोठी मदत आहे.

बहुमजली पार्किंग बांधा, हा तिसरा मुद्दा. यशवंत स्टेडियमकडे बोट दाखवून तो नेहमी मांडला जातो. बांधायला हरकत नाही. गडचिरोलीहून आलेल्या आणि चार दिवस थांबणाऱ्या बोलेरोसाठी अशी जागा लागेलच, तिथून हॉस्पिटलांपर्यंत ई-रिक्षाही लागतील. पण रस्त्यावर फुकट मिळत असताना पैसे देऊन, तीन मजले चढवून गाडी कोण लावेल? आधी रस्त्याला दर, मग इमारत. क्रम उलटा झाला की कोट्यवधींची इमारत ओस पडते. शिवाय डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचे मोर्चे यशवंत स्टेडियमपासूनच निघतात. ते पंधरा दिवस काय करायचं तेही त्या आराखड्यात असायला हवं.

2025 च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी जाहीर केलं की पार्किंगची जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय नव्या कारची नोंदणी होणार नाही. जपानात 1962 पासून असा कायदा आहे. घरापासून 2 किलोमीटरच्या आत जागा दाखवावी लागते आणि पोलीस ती तपासतात. विचार चांगला आहे आणि फ्लॅट स्कीमच्या बाबतीत उपयोगाचा आहे. पण आपल्याकडे खोटा दाखला मिळणं किती सोपं आहे ते सांगायला नको, आणि धंतोलीत दिवसा उभ्या राहणाऱ्या गाड्या मुळात धंतोलीत नोंदलेल्याच नसतात. यवतमाळच्या कारमालकाकडे यवतमाळात अंगण आहेच.

दराला विरोध होईल, आणि त्यात एक भीती अगदी रास्त आहे. पे अँड पार्कचा ठेका कोणाला तरी मिळतो, मग गळ्यात पट्टा घातलेली दोन पोरं येतात, पावती देत नाहीत, मनाला येईल तो आकडा सांगतात आणि पेशंटच्या घाबरलेल्या नातेवाइकाशी उर्मटपणे बोलतात. असं होणार असेल तर मी स्वतः विरोधात उभा राहीन. पैसे फक्त मशीनवर किंवा मोबाइलवरून, दर रस्त्यावर मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत लिहिलेले, आणि ठेक्याची रक्कम व रोजचा जमाखर्च मनपाच्या इथल्या झोन कार्यालयात सगळ्यांना पाहायला मिळेल असा लावलेला, इतकं तरी हवं. पुण्यात 2018 च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, पण विरोधामुळे ते पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक ठरलं आणि पुढे तेही रखडलं. लोकांना तो नुसता आणखी एक कर वाटला, आपल्या रस्त्यावर त्यातून काय होणार ते कोणी दाखवलं नाही. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराच्या जुन्या बाजारपेठेत 1993 मध्ये मीटर बसवायला दुकानदारांनी आधी असाच विरोध केला होता. मीटरचा पैसा याच बाजारातल्या फुटपाथवर, दिव्यांवर, झाडांवर खर्च होईल असं शहराने मान्य केल्यावर तेच दुकानदार तयार झाले.

धंतोलीत त्या पैशातून काय करायचं याची यादी फार दुरून आणावी लागत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना आयसीयूबाहेर थांबलेली माणसं कडुलिंबाखाली चादर टाकून दोन-दोन रात्री काढतात. त्यांना शेड, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ शौचालय हवं. बायकांचे हाल तर बोलायलाच नकोत. सलग फुटपाथ हवा, व्हीलचेअर जाईल असा. सिमेंटचे रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा उंच झालेत, तिथे पाणी वाहून जायला वाट हवी. आणि अग्निशमनाचा बंब प्रत्येक हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोहोचेल एवढी रुंदी कायम मोकळी हवी. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर हॉस्पिटलांचं फायर ऑडिट झालं: आतली वायरिंग, आतले सिलिंडर, आतला जिना. बाहेरची गल्ली कोणी मोजली नाही. ऐन दुपारी धंतोलीतल्या काही गल्ल्यांत दोन्हीकडच्या गाड्यांमधून कारदेखील सांभाळून काढावी लागते. तिथे बंब कसा वळेल, याचं उत्तर त्या ऑडिटच्या कागदात कुठे लिहिलेलं असणार?

सुरुवात सगळ्या धंतोलीपासून करायची गरज नाही. जिथे हॉस्पिटलं सर्वांत दाट आहेत असा एक रस्ता घ्यावा, त्यावरच्या प्रत्येक इमारतीचा मंजूर नकाशा काढून तळमजले आधी मोकळे करून घ्यावेत, मग पट्टे आखून सहा महिने दर लावावा. मनपाच्या अर्थसंकल्पात या उत्पन्नाचं वेगळं लेखाशीर्ष असावं आणि त्यातला पैसा त्या रस्त्याबाहेर जाऊ नये असा ठराव सभागृहाने आधीच करावा. माझ्या रात्रीच्या परवान्याचे 6,000 रुपये मी पहिल्या दिवशी भरायला तयार आहे.